झील धरा, मग गळा दिसेल

"नॉर्मल आहे," ईएनटी सर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. विमलबाई खुर्चीवरून हलल्याच नाहीत.

"नार्मल आहे, तं मंग वर गेली का आवाज काहून फाटते माहा?"

"काही महिने गाणं बंद ठेवा, बाई."

मी अमरावतीच्या एका सरकारी दवाखान्यात स्पीच थेरपिस्ट आहे. बिघडलेला आवाज, अडखळणारं बोलणं ताळ्यावर आणणं हे आमचं काम. विमलबाई अकोल्याच्या जुन्या शहरातल्या, भीमजलशातल्या मुख्य गायिका. अकोल्यातल्या डॉक्टरांनीही त्यांना हेच सांगितलं होतं. इकडे जलशाच्या पार्टीनं बजावलं होतं, भीमजयंतीपर्यंत गळा सुधारला नाही तर दुसरी गाणारी उभी करू. सरांचा सल्ला ऐकून माझं डोकंच सणकलं. सुताराचा हात दुखला तर त्याला रंधा विकून टाक म्हणतो का आपण?

"सर, गाताना पाहू या ना गळा," मी म्हटलं.

तोंडातून स्कोप, म्हणजे गळा पाहायची दुर्बीण, घालतात तेव्हा जीभ धरून ठेवावी लागते. माणूस फार तर 'ई' म्हणतो. उभ्या गाडीचा ब्रेक तपासल्यासारखंच ते. नाकातून जाणारा लवचिक स्कोप असला की गाता येतं.

"मॅडम, बाहेर लाइन बघा."

"बघितली. थांबेल ती."

सर कुरकुरले, पण त्यांनी नाकातून स्कोप घातला. विमलबाई गाऊ लागल्या. आवाज चढला आणि मधेच थांबला. फाटला नाही, नुसता थांबला. पुन्हा तेच. सर माझ्याकडे पाहायला लागले. आता माझीच पंचाईत.

"काय झालं, विमलबाई?"

"झील नाई ना, म्याडम. एकटीनं वर कशी जाऊ?"

झील म्हणजे मागच्यांनी उचलून धरलेली ओळ. तिच्या आधारानं मुख्य गाणारी वरच्या सुरात चढते. विमलबाईंची झीलकरी म्हणजे त्यांची नणंद कांताबाई. ती बाहेर बाकावर बसली होती, कारण दारावर आमचीच पाटी होती: नातेवाइकांनी बाहेर थांबावे.

मी दार उघडलं. "कांताबाई, आत या. झील धरा."

"अटी? दवाखान्यात?"

"इथंच. पुऱ्या आवाजात."

कांताबाईंनी पदर खोचला. "घ्या, वयनी."

मागून झील आली तशा विमलबाई बेधडक वर गेल्या. अगदी टोकाला आवाज फाटला, आणि स्क्रीनवर स्वरतंतूच्या खालून तांदळाच्या कणीएवढी गाठ वर आली. एरवी ती खालीच दडून राहायची.

"थांबू नका. पुन्हा एकदा," सर म्हणाले. दाराशी लाइन गोळा झाली होती. हटकायला आलेला सिक्युरिटीवालाही ऐकत उभा राहिला. पेशंटच्या गळ्यात गाठ निघाल्याचा एवढा आनंद मला नोकरीत कधी झाला नव्हता.

सरांनीच ऑपरेशन केलं. मग सक्तीचं मौन, मग माझ्याकडे आवाजाचे व्यायाम. जयंतीला अकोल्यात मधोमध विमलबाईच उभ्या होत्या. वरचा सूर लागला आणि त्यांनी तो असा धरून ठेवला की समोरची माणसं उठून उभी राहिली. मी रडले, लपवलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे गाणाऱ्या पेशंटसोबत साथीदारही आत येतात. एकदा तर ढोलकी आली. बाजूच्या डोळ्यांच्या विभागानं लेखी तक्रार केली. दुखणं सापडत असेल, तर शेजाऱ्यांची तेवढी बोलणी खाऊन घ्यावीत.