दीडशे लिटरचे किलो

“सर, एक पॅसेंजर खाली उतरवायला लागतोय,” गिरिजा म्हणाली. “वजन बसंना झालंय.”

मी वही ओढून घेतली. गणित साधं होतं. छोटं विमान, चार माणसं, सामान आणि टाकीत दीडशे लिटर पेट्रोल. एकूण वजन मर्यादेत बसतं का, एवढंच बघायचं. बसत होतं. पण गिरिजाबाईंनी दीडशे लिटर पेट्रोलचं वजन दोनशे आठ किलो काढलं होतं. खरं उत्तर एकशे आठ. म्हणजे शंभर किलोचा एक पैलवान विनाकारण धावपट्टीवर उभा!

१९९८ सालची गोष्ट. कानाच्या दुखण्यानं माझं उडणं बंद झालं होतं. शाहूपुरीत एका दुकानाच्या माडीवर मी कमर्शियल पायलटच्या लेखी परीक्षेचे क्लास घेत होतो. गिरिजा कुरुंदवाडची. तिच्या वडिलांची, अप्पांची, दुधाची डेअरी होती. या एका पेपरात ती दोनदा नापास झालेली. यंदाही नापास झाली तर विमानाचा नाद सोडून डेअरीत बसायचं, असं अप्पांनी बजावलं होतं. पेपर तीन आठवड्यांवर आला होता.

टँकरवाला इंधन लिटरमध्ये देतो. विमानाला मात्र किलोशी मतलब. त्यासाठी स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे ते इंधन पाण्याच्या मानानं किती जड त्याचा आकडा. आमच्या पेट्रोलचा ०.७२. लिटरचे किलो करताना त्यानं गुणायचं, किलोचे लिटर करताना भागायचं. गिरिजा दोन्हीकडे भागायची. सूत्र पाठ करून घेतलं, शंभरदा लिहून घेतलं. जरा घाई झाली की पुन्हा भागाकार.

“तुझं लक्ष कुठं असतं?” मी ओरडलो.

“इथंच असतंय की, सर,” ती म्हणाली आणि खाली मान घालून वही आवरायला लागली. मला वाईट वाटलं, पण तेव्हा मी ते दाखवलं नाही.

त्या रविवारी स्कूटर काढून कुरुंदवाडला गेलो. पोरगी हलगर्जी आहे, हे अप्पांच्या कानावर घालायचं होतं. सकाळची दूध घालायची वेळ. काट्यावर गिरिजाच होती. किटली ठेवली की आकडा बघून ती तोंडानं लिटर सांगत होती.

“धा किलो तीनशे, धा लिटर! पाच किलो दीडशे, पाच लिटर!”

एकही चूक नाही. मी विचारलं, “हे कसं काढतेस?”

“दूध पाण्यापेक्षा जड असतंय, सर. काट्यावर किलो येत्यात. एक पॉइंट शून्य तीननं भागलं की लिटर. सातवीपासनं ह्येच करतोय की.”

असला आकडा दिसला की भागायचं, हे तिच्या हाताला बसलेलं होतं. आणि मी दोन महिने तिला रागावत होतो. मनापासून लाज वाटली.

मी लिटरची बाटली मागितली आणि स्कूटरचं पेट्रोल काढायला लागलो. अप्पा धावत आले.

“ओ मास्तर! काट्यावर पेट्रोल न्हाय चालायचं! दुधाला वास मारला तर गिऱ्हाईक माझ्या नावानं शिमगा करंल!”

शेवटी बाहेर कट्ट्यावर जुना तराजू मिळाला. बाटलीचं वजन वजा करून लिटरभर पेट्रोल पाऊण किलोपेक्षाही कमी भरलं. गिरिजा तराजूकडे बघतच राहिली.

“म्हंजे ह्येचं किलो लिटरपेक्षा कमीच आलं पायजेत.”

“व्हय,” मी म्हणालो.

त्यानंतर सूत्र बंद. प्रत्येक गणिताआधी तिनं फक्त एवढं लिहायचं: उत्तर मोठं येणार की लहान?

गिरिजा पास झाली. अप्पांनी काट्यावर दुसरा माणूस ठेवला.

पुढे बरीच वर्षं शिकवलं. माणूस तीच चूक दरवेळी तितक्याच खात्रीनं करत असेल, तर कुठंतरी ती बरोबर असते. ते ठिकाण मास्तरनं शोधायचं. ओरडणं त्यानंतर.