ओनोरिन आत्याची पिकपूल

ओनोरिन आत्या मूळची खाडीकाठच्या मेझ गावची, पाण्यात दोर सोडून कालवं वाढवणाऱ्यांच्या घरातली. माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. लग्न होऊन ती पिने गावी द्राक्षमळेवाल्यांकडे गेली, तेव्हा तिच्या सासूबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, "खाडीची पोरगी. हिला वेलीतलं काय कळणार?"

नवऱ्याच्या, एमेकाकांच्या मागून फिरत आत्या वेलांची छाटणी शिकली. एमेकाका अकाली गेले आणि त्यांच्या वाट्याचा पिकपूलचा, म्हणजे आंबटसर पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांचा, मळा तिच्या अंगावर आला.

तेव्हा आमच्याकडे पांढऱ्या वाइनला कोणी विचारत नव्हतं. तिचा दीर फिर्मैं याने आपल्या वाट्यातले पिकपूलचे वेल उपटून लाल द्राक्षं लावली आणि तिच्या मागेही तोच धोशा लावला.

"वहिनी, काढून टाका ते वेल. आंबट वाइन नुसती ओठाला चावते."

"चावते म्हणूनच ठेवलीय, भावजी. कालवाच्या खारटपणापुढे मऊ वाइन आडवी होते. ही होत नाही."

"कालवांच्या जिवावर मळा चालवणार?"

"बघू या की."

लोक हसले. सासूबाई फिर्मैंच्याच बाजूने होत्या. आत्या मात्र पहाटेच्या गारव्यात घड तोडायची आणि ऊन चढायच्या आत गाडी घरी आणायची. तिची वाइन फिकट हिरवट, लिंबाच्या वासाची, स्वच्छ.

एका ऑगस्टमध्ये गावच्या जत्रेला उत्तरेकडचे दोन हॉटेलवाले वाइन चाखायला येणार होते. प्रत्येक घराने आपलं टेबल मांडायचं होतं. आत्याने बाबांकडे कालवं सांगून ठेवली होती. पण त्या उन्हाळ्यात वारा पडला, खाडीचं पाणी तापलं, पांढुरकं झालं आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटला. जत्रेच्या आदल्या सकाळी बाबा रिकाम्या हातांनी तिच्या दारात उभे राहिले. "ताई, सगळी मेली. दोरांवर एकही जिवंत नाही."

आत्याने आधी त्यांना खुर्चीत बसवलं, जेवू घातलं.

फिर्मैंला कळायला वेळ लागला नाही. "आता काय वहिनी? नवरीशिवाय वरात?"

"वरात निघेल," ती म्हणाली आणि बाबांना घेऊन सेतच्या बंदरावर गेली. तिथून ताजे तारली मासे, माकुल आणि ऑक्टोपस आणले. ऑक्टोपसचं तिखट सारण भरलेल्या तिएल, म्हणजे गोल बंद पाई, तिने घरीच केल्या, टोमॅटो आटेपर्यंत चुलीपुढून हलली नाही. माकुल लसूण घालून परतले. डोंगरावरच्या धनगराकडून बकरीचं ताजं चीज आणवलं.

जत्रेत एका पाहुण्याने विचारलंच, "बाई, तुमच्या खाडीची कालवं कुठायत?"

"खाडी आजारी आहे. बरी झाली की या, पोटभर खाऊ घालीन. आज हे खा."

त्याने तिएलचा घास घेतला. तेलाने बोटं लाल झाली. वर पिकपूलचा घोट. मग दुसरा घास, दुसरा घोट. भाजलेल्या तारलीचे तर दोघांनी काटेही चोखले. ग्लास रिकामा झाल्यावर तो म्हणाला, "ही वाइन जेवणाचा कंटाळाच येऊ देत नाही. कुणाची?"

आत्या उत्तर देणार, तेवढ्यात काठी टेकत सासूबाई पुढे आल्या. बाटली स्वतःच्या हाताने उचलून त्याचा ग्लास भरत म्हणाल्या, "माझ्या सुनेची."

आत्या पदार्थ वाढत होती. तिचा हात थांबला. तिने मान वर केली नाही, पण कान लाल झाले होते, मी शेजारीच होते म्हणून पाहिलं.

त्या वर्षी तिची सगळी वाइन उत्तरेला गेली. खाडी सावरली, बाबांनी पुन्हा दोर सोडले. पाहुणे परत आले तेव्हा त्यांच्यापुढे कालवं होती. हिवाळ्यात छाटणी चालली असताना फिर्मैंकाका बांधावर येऊन उभे राहिले.

"वहिनी, पिकपूलच्या काड्या द्याल का थोड्या?"

"देते की. पण लावताना मला बोलवा. तुम्हाला उपटायची सवय आहे."

ते मोठ्याने हसले. आज पिनेच्या उतारावर उभं राहिलं तर खाडीपर्यंत पिकपूलच दिसते. बऱ्याच मळ्यांत आत्याच्या काड्या आहेत, आणि ते सांगताना आम्ही मेझवाले आवाज जरा चढवूनच सांगतो.