लक्ष्मीकांतचा टेरिकॉट

मी आयुष्यात एकच खून केला आहे, आणि तोही एंटर दाबून.

झालं असं, की जेल रोडवर बंटीच्या सायबर कॅफेत माझा मित्र लक्ष्मीकांत टेंबे मॅनेजर होता. मॅनेजर म्हणजे कोण किती वाजता बसलं आणि उठलं ते वहीत लिहायचं, आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद शिव्या न देता बाहेर काढायचा. दुपारी दोन ते चार तिथे माशीसुद्धा फिरकत नसे. तेव्हा तो आपला खेळ उघडून बसे. हा खेळ इंटरनेटवरचा. जगभरातले लोक एकाच वेळी त्यात शिरायचे आणि आपापलं पात्र चालवायचे. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. 'तुम्ही गुहेत आहात. समोर अस्वल आहे.' आमच्या इंदूरच्या फोनलाइनवर अस्वलाचं चित्र उतरेपर्यंत अस्वल म्हातारं झालं असतं, त्यामुळे अक्षरंच बरी होती.

त्या दुपारी वीज गेली, आणि लक्ष्मीकांत जनरेटर बघायला मागे गेला. जाताना म्हणाला, "हात नको लावू हां कशाला. बैठके देख नुसतं."

मी बसून बघितलं. बॅटरीवर चालणाऱ्या त्या एका कॉम्प्युटरवरची अक्षरं थांबली होती. पुढे काय होतं ते कळावं म्हणून मी एंटर दाबलं. काही होईना म्हणून आणखी सात-आठ वेळा दाबलं. त्या खेळात नुसतं एंटर दाबलं की आधीचाच हुकूम पुन्हा जातो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आधीचा हुकूम होता 'मार'. लक्ष्मीकांतचं पात्र तालमीत एका लाकडी पुतळ्यावर सराव करत होतं. माझ्या पहिल्याच फटक्याला पुतळा मोडला, आणि उरलेले फटके शेजारी उभ्या असलेल्या उस्तादाला बसले. उस्तादाने ते फार मनाला लावून घेतले.

लक्ष्मीकांत परत आला तेव्हा पडद्यावर एकच ओळ होती. तुम्ही मेला आहात.

एरवी हे प्रकरण दोन कचोऱ्यांवर मिटलं असतं. पण त्या पात्रात लक्ष्मीकांतची नोकरी अडकली होती.

तो मूळचा एका कापडमिलच्या टेस्टिंग लॅबमधला माणूस. सुताची लच्छी दोन आकड्यांत अडकवायची, तुटेपर्यंत ताणायची आणि कितीला तुटली ते लिहून ठेवायचं, हे काम त्याने अठरा वर्षं केलं. ब्याण्णव साली एका सकाळी मिलच्या फाटकावर कागद लागला, 'अगली सूचना तक बंद'. ती अगली सूचना अकरा वर्षांत आली नाही. मधल्या काळात त्याने कुरिअर वाटलं, साड्यांच्या दुकानात घड्या घातल्या, विमा विकून पाहिला. विमा विकताना तो गिऱ्हाइकाला माणूस साधारण कितव्या वर्षी तुटतो हे इतकं तपशिलात सांगायचा, की लोक त्याला पाणीसुद्धा विचारेनासे झाले.

आणि आता या खेळवाल्यांनी जाहीर केलं होतं, की आम्हाला पात्रांची एक नवी जात हवी आहे, अर्धा मांत्रिक आणि अर्धा तलवारबाज. ज्याचा आराखडा पास होईल, त्याला सगळ्या पात्रांची ताकद तपासायच्या कामावर ठेवू. लक्ष्मीकांतने ही जाहिरात मला चार वेळा वाचून दाखवली. शशिकलावहिनींना पाच वेळा दाखवली असणार, कारण त्या मला म्हणाल्या, "भावजी, बावन्न वर्षांच्या माणसाला राक्षस मारायची नोकरी लागतेय. शाळेत स्टाफरूममध्ये मी काय सांगू?"

पण कामाची गोष्ट लक्ष्मीकांतलाच ठाऊक होती. "सगळे मार खातात ते इथे," तो मला सांगायचा. "अर्धी जादू घेतात, अर्धी तलवार घेतात, आणि ये बन गया म्हणतात. अरे, कापूस आणि पॉलिस्टर अर्धं-अर्धं घातलं म्हणजे सूत मजबूत होतं का? ताणल्यावर कापूस आधी तुटतो. पॉलिस्टर ताणत राहतो, पण मग सगळा भार त्याच्या एकट्यावर, तोही जातो. दोघं एका वेळी नाही तुटले, तर मिलावट नुसत्या कापसापेक्षा कच्ची."

"मग?"

"मग काय, जादू लवकर संपते आणि तलवार एकटी पडते. दोन्ही एकदमच थकले पाहिजेत."

म्हणून त्याने असा हिशेब बसवला, की तलवारीचा प्रत्येक वार थोडी जादू खाणार आणि प्रत्येक मंत्र हातातलं थोडं बळ. मिलच्या जुन्या आलेख-कागदावर सगळं मांडलं. जातीचं नाव ठेवलं टेरिकॉट, कापूस-पॉलिस्टरच्या त्या मिश्र कापडाचं. परदेशातल्या खेळाडूंना ते एखादं प्राचीन लढाऊ घराणं वाटलं, आणि त्यांनी त्याच्याकडे घराण्याचा इतिहास मागितला.

चाचणीसाठी पात्र एकच मिळे. ते मेलं की चाचणी तिथेच संपली, हातात असेल ते पाठवायचं. चाळीस दिवसांपैकी एकवीस झाले होते. ते एकवीस दिवस लक्ष्मीकांतने त्याला बाळासारखं सांभाळलं होतं. अस्वल दिसलं की रस्ता बदलायचा.

आणि मी त्याला मारलं.

मी म्हटलं, "दे रे दोन शिव्या." लक्ष्मीकांत नोंद वाचत होता, उस्तादाच्या एकेका फटक्याला काय किती उतरलं ते. एक पान, दुसरं पान. मग त्याने चष्मा काढला.

"एकदम तुटले," तो म्हणाला.

"कोण?"

"दोन्ही. ज्या फटक्याला जादू संपली, त्याच फटक्याला बळ. मी गाढव. एकवीस दिवस बचवत बसलो. तोडल्याशिवाय टेस्ट होते का कधी?"

हेच मरण त्याने अहवालात घालून पाठवलं. नवव्या दिवशी उत्तर आलं, पास. एक तारखेपासून काम सुरू. आम्ही पोहे-जिलबी खाल्ली. बंटी म्हणाला, "अंकल, फॉरेनची नौकरी माझ्या खुर्चीवर बसून करणार का?" लक्ष्मीकांत म्हणाला, "खुर्ची बदल पहिले, टोचते." वहिनींनी स्टाफरूममध्ये सांगून टाकलं. राक्षसांचा भाग वगळून.

एक तारीख उजाडायच्या आधीच, सव्वीस तारखेला, खेळाच्या दारावरच नोटीस लागली होती. लोकांना आता चित्रांचे खेळ हवे आहेत; हा खेळ तीस तारखेला पुढील सूचनेपर्यंत बंद करण्यात येत आहे. नोटीस इंग्रजीत होती, पण लक्ष्मीकांतला भाषांतर लागलं नाही.

तीस तारखेच्या दुपारी मी मुद्दाम गेलो. खेळातल्या चौकात अकरा टेरिकॉट उभे होते, कोण कुठल्या देशातले कुणास ठाऊक. नवीन जात म्हणून लोकांनी हौसेने घेतली होती. कोणी लढत नव्हतं. लक्ष्मीकांत त्यांना वार आणि मंत्राचं गणित समजावत होता. एकाने पुन्हा विचारलं म्हणून पुन्हा समजावत होता. तीन चाळीसला अक्षरं थांबली. या वेळी मी हात मांडीवर ठेवून होतो.

त्याने कॅफेची वही ओढली, गिऱ्हाइकाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, आणि उठण्याच्या वेळेपुढे तीन चाळीस. मग आलेख-कागदांची गुंडाळी प्रिंटरच्या टेबलाच्या पायाखाली सारली. ते टेबल कधीचं डगमगत होतं.

मला काही तरी बोलायलाच हवं होतं. म्हटलं, "असं दुसरं कुठे काही निघालं, तर मला बोलाव. मारायला."

"निघत नाही आता काही, भिया."