घुमटातल्या अक्षता

मंदा भोळे चिडली की आधी गप्प होते. असोद्याला तिच्या माहेरी हे सगळ्यांना ठाऊक आहे. धुळ्याच्या कॉलेजात ती फिजिक्स शिकवायला लागली, तेव्हा पोरांनीही ते लवकरच ओळखलं. जळगावला विद्यापीठात सामाईक प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या महाजन सरांना मात्र ते कळायला एक दसरा जावा लागला.

गोष्ट चौऱ्याण्णवची. आजूबाजूच्या कॉलेजांना मिळून तिथे एकच यंत्र होतं. काचेच्या घुमटाखालची हवा ओढून काढायची, आत पदार्थ तापवायचा आणि त्याची वाफ काचपट्टीवर पातळ थर होऊन बसू द्यायची. मंदाच्या थरावर उजेड पडला की त्यातून वीज वाहायची. प्रबंधासाठी तिला पट्ट्यांचा शेवटचा एक संच हवा होता. कॉलेजची रजा संपत आली होती. दसऱ्यानंतरचा नंबर हुकला तर प्रबंध वर्षभर लांबणार होता.

ती पहाटेच्या एसटीने आली, पट्ट्या धुऊन आत लावल्या, पंप सुरू केला. पंप घरघरत राहिला, पण आतल्या हवेचा दाब दाखवणारा काटा जागचा हलेना. शेवटी तिने घुमट उचलला. आतून कापराचा वास आला. वाफ करायच्या तारेच्या खांबांना कुंकू होतं. घुमटाखालच्या रबरी कड्यात अक्षता चेंगरून बसल्या होत्या. हवा तिथूनच आत शिरत होती.

"भिकनभाऊ, हे काय?"

मदतनीस भिकन दारातच थबकला. "खंडेनवमीनी पूजा, ताई. सर बोलनात, बाहेर हार घाला, पन देव आतमा शे, आतबी पूजा करा. मी काय करू? सरनी सांगं, मी करं."

"आणि कापूर?"

"तो सरनी सोता लावा."

मंदा गप्प झाली. गप्पच सरांच्या केबिनमध्ये गेली.

"नियम तुम्हाला ठाऊक आहे, मॅडम," सर म्हणाले. "ज्याच्या नंबरात यंत्र अडेल त्याने साफ करायचं. उद्या अमळनेरचा नंबर."

"अडलं ते नवमीला, सर. नवमीला नंबर कोणाचा होता?"

"सुट्टी होती."

"म्हणजे यंत्र तुमच्या ताब्यात होतं."

सर खुर्चीत मागे रेलले. "आता देवाचं कुंकूसुद्धा बिघाड वाटायला लागलं का तुम्हा लोकांना?"

तुम्हा लोकांना! मंदाची कानशिलं तापली. तिच्या घरी नवमीला विळ्या-कोयत्यांची पूजा होते. पण पात्याची धार बोथट करून कोणी पूजा करत नाही, हे तिच्या आजीलाही कळत होतं. एवढं बोलायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. या माणसाला ते कळत नव्हतं असं थोडंच होतं? त्याला कबूल करायचं नव्हतं, एवढंच.

संध्याकाळपर्यंत ती एकटी ॲसिटोनचे बोळे फिरवत राहिली. कडं बदललं, खांब घासले. काटा खाली उतरला तोवर तिचा दिवस संपला होता.

सकाळी अमळनेरचे फुलचंद जैन डबा घेऊन आले. "मॅडम, झालं तुमचं?" त्यांनी साधेपणाने विचारलं. यंत्र धरून बसावं असं तिला क्षणभर फार वाटलं. पण यात यांचा काय गुन्हा? ती बाजूला झाली.

मग लाल बोळे आणि चेंगरलेल्या अक्षता कागदावर घेऊन ती केबिनमध्ये गेली. समोर पाहुणे बसले होते. तिने कागद सरांच्या चहाशेजारी ठेवला.

"हे काय?"

"प्रसाद, सर. नवमीचा."

"एवढा राग बरा नाही, मॅडम."

"पुढच्या वर्षी पूजेला मी येते."

प्रबंध वर्षभर लांबला. पण ती आली. नवमीला सकाळीच येऊन घुमटावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. सर ताट घेऊन आले, तिच्याकडे बघितलं, मग भिकनकडे.

"हार बाहेरूनच घाल रे," ते म्हणाले.

मंदाने हात काढले नाहीत. भिकनने हार तिच्या हातांवरूनच घातला.