पाहुणीच्या पोटातल्या गाठी

त्या वर्षी भाऊबीजेला मामा हैद्राबादहून आला, तो हातात झाकणाची बांबूची टोपली घेऊन. आई ओवाळायचं ताट तयार करत होती. तिला वाटलं, मिठाई असेल. मामानं झाकण उचललं आणि आतून एक मुठीएवढं, बिनशेपटीचं, काळं-पांढरं-तांबूस जनावर वर बघायला लागलं. आई ताटासकट दोन पावलं मागं सरली. निरांजन विझलं.

"हे काय रे? भाऊबीजेला उंदीर आणलास?"

"उंदीर नाही ताई. गिनी पिग म्हणतात याला. विलायती आहे. पोरीसाठी आणलं."

मी अकरा वर्षांची होते. घरात एकुलती एक. वडील हिंगोलीच्या कोर्टात कारकून होते, आणि आमच्या घरात तोवर तुळशीशिवाय दुसरं काही जिवंत पाळलेलं नव्हतं. मामा हैद्राबादच्या एका मोठ्या दवाखान्यात नोकरीला होता. तिथं तो डॉक्टरांच्या हाताखाली असतो, असं आई हळदीकुंकवाला सगळ्यांना सांगायची. मॅट्रिक झालेला, आठवड्याला पत्र लिहिणारा, इस्त्रीचा शर्ट घालणारा हा भाऊ म्हणजे तिचा मोठाच अभिमान होता. तिची धाकटी बहीण क्षयानं गेल्यावर माहेरचं असं तेवढंच माणूस तिला उरलं होतं. त्यामुळं उंदीर म्हणा की गिनी पिग म्हणा, तिला ते ठेवून घ्यावं लागलं.

"मादी आहे, अजून लेकरूच आहे. महिना-दीड महिन्याची असेल," मामा मला म्हणाला. "सांभाळशील ना?"

दोन दिवसांनी तो गेला. आई त्या जनावराला नावानं हाक मारायला तयार नव्हती. "तुझी पाहुणी उपाशी आहे," "तुझ्या पाहुणीनं घाण केली," असं म्हणायची. म्हणून तिचं नाव पाहुणीच पडलं. चहाच्या रिकाम्या खोक्यात कडब्याचा चुरा अंथरून मी तिला ठेवलं. ताटवाटी वाजली की ती कुई-कुई करून सगळं घर जागं करायची. मामा सांगून गेला होता की हिला हिरवा पाला दे. पण थंडी पडायला लागली होती, आणि थंडीत ओला पाला दिला तर एवढ्याशा जिवाला बाधेल, असं आईचं म्हणणं. मग मी दूध-भाकरी आणि भिजवलेले हरभरे देत राहिले. तीही खात राहिली.

पंधरावीस दिवसांनी तिच्या कानामागचे केस गेले. तिथं खपल्या धरल्या. मग ती मागचे पाय ओढायला लागली. हिरड्यांतून रक्त आलेलं मी भाकरीच्या तुकड्यावर पाहिलं. अंग वाळत चाललं होतं, पण पोट मात्र दिवसेंदिवस सुटत होतं. एका दुपारी तिला मांडीवर घेऊन कुरवाळताना माझ्या बोटांना तिच्या पोटात काहीतरी लागलं. बोरासारख्या गाठी. एक डाव्या बाजूला, एक उजव्या. मी आईला काही बोलले नाही. बोलले असते तर तिनं पाहुणीला त्याच दिवशी घराबाहेर काढलं असतं.

दूध घालायला एक बाई खेड्यातून यायच्या. मी त्यांना मावशी म्हणायची. त्यांना मी ते पोट दाखवलं. त्या डोळे बारीक करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पोरी, काहून जीव लावून राहिली व्हय ह्याला? जलोदर हाय हे. आमची शेळी अशीच फुगून मेली. हे काई जगत न्हाई."

त्याच सुमारास मला खोकला झाला. आठ दिवस हटेना, म्हणून वडील मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली. मग सहज विचारलं, "घरी काय करतेस गं दिवसभर?"

मी म्हणाले, "माझ्याकडं गिनी पिग आहे. मामानं हैद्राबादच्या दवाखान्यातून आणलं. पण ते आजारी पडलंय. त्याच्या पोटात गाठी झाल्यात."

डॉक्टरांनी कानातली नळी काढली.

"काय म्हणालीस? पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, माझ्या हातून काही मोठा गुन्हा झाला. ते वडिलांकडं वळले. आवाज खाली आणला, पण मला सगळं ऐकू येत होतं. त्या दवाखान्यात ही जनावरं कशाला ठेवतात ते ठाऊक आहे का, त्यांनी विचारलं. वडिलांना ठाऊक नव्हतं. एखाद्या रोग्याला क्षय आहे की नाही हे कळत नसलं, की त्याचा बेडका या जनावराला टोचतात, डॉक्टर म्हणाले. मग काही आठवडे वाट बघतात. जनावर वाळत गेलं, अंगात गाठी झाल्या, की समजायचं, त्या माणसाला क्षय आहे.

"आणि जनावर?" वडिलांनी विचारलं.

"ते मरतंच. जाळून टाकतात."

मला कुशीत घेतलेली पाहुणी आठवली. माझ्याच वाटीतून दूध प्यालेली. मी खोकले, आणि दोघंही माझ्याकडं बघायला लागले.

"हिच्या छातीत आज तरी काही ऐकू येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण ते जनावर उद्याच्या उद्या संपवा. हात लावू नका. खोकं, चिंध्या, सगळं जाळा."

घरी आल्यावर वडिलांनी आईला सांगितलं. ती रडेल, ओरडेल असं मला वाटलं होतं. तिनं आधी मला शेगडीपाशी बसवलं, माझी वाटी-भांडं निखाऱ्यात टाकलं, मी पाहुणीला गुंडाळायची ते लुगड्याचं धडपं परसात नेऊन पेटवलं. खोक्यावर मोठी टोपली उपडी घातली. मग उंबऱ्यावर बसली. तिचे हात मांडीवर तसेच उताणे पडले होते.

"आमच्या बहिणीला क्षयानंच नेलं," ती म्हणाली. "तिच्या उशाशी हाच माझा भाऊ बसलेला होता. रक्त ह्यानंच पुसलं. आणि ह्यानंच तेच टोपलीत घालून माझ्या लेकरासाठी आणावं?"

"अगं, त्याला माहीत नसेल," वडील म्हणाले.

"दवाखान्यात राहतो अन् माहीत नसेल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील स्टेशनवर गेले आणि मामाला तार केली: जनावर कोणत्या पिंजऱ्यातलं, ताबडतोब कळव. परत आले ते काठी किंवा दगड न शोधता खोकं उचलून जनावरांच्या दवाखान्याकडं निघाले. त्यांना स्वतःच्या हातानं मारवत नव्हतं. तिथले सलोत्री, म्हणजे ढोरांचे डॉक्टर, एखादं औषध देऊन तिला त्रासाशिवाय झोपवतील, असं त्यांच्या मनात होतं. मी रडत मागं निघाले. आई नको म्हणत होती, पण वडील म्हणाले, "येऊ दे. निरोप तरी घेईल."

सलोत्री म्हातारे होते. पांढरी दाढी, हातावर घोड्यानं चावल्याचा जुना वण. वडिलांचं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं आणि टोपली बाजूला सारली.

"मारने के वास्ते लाए?" ते म्हणाले. "पहले देखने तो दो."

हात लावू नका, असं वडील म्हणेपर्यंत त्यांनी पाहुणीला उचललं होतं. त्यांनी हिरड्या पाहिल्या, पाय ताणून पाहिले, खपल्या नखानं खरवडल्या. मग एका हाताच्या तळव्यावर तिला बसवून दुसऱ्या हाताची दोन बोटं पोटाखाली घातली आणि डोळे मिटून उभे राहिले. बराच वेळ. मग त्यांनी डोळे उघडले आणि ते चमकल्यासारखे झाले.

"या अल्ला," ते म्हणाले. "ये तो खुदच बच्चा है."

मला काही कळेना. त्यांनी मला जवळ बोलावलं. वडील पुढं झाले, पण थांबले.

"उंगली दे बेटी. हां, इधर. दाबनेका नहीं. गाठ कभी हिलती क्या?"

माझं बोट त्याच गाठीवर होतं. बोराएवढी होती ती आता लिंबाएवढी झाली होती. मी श्वास धरून थांबले. आणि त्या गाठीनं आतून माझ्या बोटाला लाथ मारली.

मी हात मागं ओढला आणि किंचाळले. आजही ती जागा मला या बोटावर दाखवता येईल. क्षय, मरण, जाळणं, हे सगळं डोक्यात घेऊन मी तिथं उभी होते आणि त्या मरणाच्या गाठीला पाय होते.

"पण ती दीड महिन्याची होती हो आली तेव्हा," वडील म्हणाले. "लेकरू आहे, असं सांगितलं होतं आम्हाला."

"इन जानवरों में ऐसाच होता. नर के साथ पिंजरे में रखे होंगे," सलोत्री म्हणाले. मग मला समजेल अशा मराठीत सांगू लागले. पाय ओढते ते रोगानं नाही, हिरवं न मिळाल्यानं. हिचं स्वतःचं अंग भरलं नाही आणि पोटात दोन-तीन जीव. तिला लसूणघास द्या, कोथिंबीर द्या, पेरू द्या. खपल्यांना करंजाचं तेल लावा. त्यांनी घोड्यांसाठी आणलेल्या लसूणघासाची एक पेंढी आमच्या हाती दिली.

"वाचेल का?" मी विचारलं.

"उमर छोटी है," ते म्हणाले. वडिलांना मात्र त्यांनी बजावलं की पोटात पिल्लं आहेत म्हणून दुसरा रोग नसेलच असं नाही, तारेचं उत्तर येईपर्यंत पोरीला लांब ठेवा.

घरी ही बातमी ऐकून आई लांबूनच खोक्यात डोकावली. "एवढीशी?" ती म्हणाली. "हिला तर अजून खायची अक्कल नाही." मग ती आत गेली. थोड्या वेळानं परसातल्या वाफ्यातली कोथिंबीर तिनं उपटली, चिमट्यात धरली आणि लांबून खोक्यात टाकली. पाहुणीनं ती मुळांसकट खाल्ली.

उत्तर आलं ते तारेनं नाही, पाकिटातून आलं. वडिलांनी ते उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. आई म्हणाली, "मोठ्यानं वाचा."

मामानं लिहिलं होतं की जनावर टोचलेलं नाही. ते पैदाशीच्या खोलीतलं आहे, टोचायच्या खोलीतलं नाही, आणि हे तो शपथेवर सांगतो, कारण दोन्ही खोल्यांतले पिंजरे तोच धुतो. सकाळी घाण काढतो, चारा घालतो, मेलेली जनावरं मोजून भट्टीत टाकतो. चार वर्षं हेच काम आहे. मॅट्रिकला तो नापास झाला होता, आणि बहिणीच्या आजारपणात तसं घरी सांगायचा धीर झाला नाही. नंतर दिवस जात राहिले तसं सांगणं आणखी अवघड झालं. हे पिल्लू दुसऱ्या दिवशी टोचायच्या खोलीत जाणार होतं. ते रोज त्याच्या बाहीत शिरून बसायचं. त्यानं वरच्या साहेबाला विचारून ते मागून घेतलं. पोटुशी आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं. शेवटी लिहिलं होतं, 'ताई, पोरीच्या जिवाला धोका होईल असं मी काही आणीन का?'

क्षयाची भीती गेली, म्हणून वडिलांनी देवापुढं हात जोडले. आईचं मात्र तिकडं लक्षच नव्हतं.

"पिंजरे धुतो?" ती म्हणाली. "माझा भाऊ? मेलेली जनावरं उचलतो?"

चार वर्षं ती ज्या माणसाबद्दल सांगत आली तो नव्हताच. शेजारच्या काकूंनी विचारलं, "भावाचं पत्र आलं म्हणे?" तेव्हा ती "हो," एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पाहुणी मात्र सुधारत होती. पाय टेकायला लागली. हरभऱ्याचे घाटे निघाले तसे मावशींनी डहाळेही आणून दिले. पण पोट इतकं वाढलं की ती चालताना ते जमिनीला घासायचं.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. सकाळी मी शाळेत जायला निघाले होते, आणि परसातून आईची हाक आली. अशी हाक की वडील अर्धी दाढी करून पळत आले. खोक्यात पाहुणीशेजारी दोन छोट्या पाहुण्या बसल्या होत्या. अंगभर केस, उघडे डोळे, कान ताठ. एक चक्क चालत होती. तिसरं पिल्लू कोपऱ्यात निपचित पडलेलं होतं.

"ही आत्ता झाली?" वडील म्हणाले. उंदराची पिल्लं लाल, आंधळी, बिनकेसांची असतात, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

"माझ्या डोळ्यांदेखत झाली," आई म्हणाली. "पडली तशी डोळे उघडून माझ्याकडं बघायला लागली. पदराखाली घेऊन ऊब द्यायलाही वेळ दिला नाही हो. ते तिसरं तेवढं हललंच नाही. ती त्याला चाटत होती, चाटत होती. मी पण बोटानं चोळून पाहिलं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आईची बोटं ओली होती. महिनाभर जिला तिनं चिमट्यानं चारा घातला, तिच्या खोक्यात तिनं हात घातला होता.

मेलेलं पिल्लू तिनं स्वतः उचललं आणि जास्वंदीच्या बुडाशी पुरलं. हात धुतले. मग मला म्हणाली, "शाळा राहू दे आज. पत्र लिहायचंय."

आईला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची आणि मी लिहायची. मी टाक-दौत घेऊन बसले. मला वाटलं, ती आता मामाला खोटं बोलल्याबद्दल जाब विचारणार. पण ती सांगायला लागली: दोन जगली, एक गेलं. बाळंतिणीला काय घालायचं? पिल्लं पहिल्याच दिवशी कोथिंबीर कुरतडतात, ते चालतं का? हे सगळं तुला नीट माहीत असेल, सविस्तर लिही. आणि पिंजरे धुताना हाताला काही बांधतोस की नाही?

मामाचं उत्तर आठ दिवसांत आलं. सहा पानं होती, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, सगळी गिनी पिगांबद्दल. आईनं ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.