घरातली खेळाडू
कवठे येमाईची सुवर्णा चढाईला निघाली की समोरच्या सातजणी आधी देवाचं नाव घ्यायच्या. शिक्रापूरजवळच्या एका कारखान्याच्या महिला कबड्डी संघात ती होती. आणि संघ तरी कसला? व्यावसायिक गटात पहिल्याच फेरीत हरून घरी जेवायला येणारा! जरा बरी पोरगी तयार झाली की मुंबईची एखादी कंपनी कायमची नोकरी देऊन तिला उचलायची. इथले मॅनेजर कुणालाच कायम करत नसत. "पोरी काय, लग्न करून जायच्याच," म्हणायचे.

दोन हजार चार साली सुवर्णालाही मुंबईचं बोलावणं आलं. प्रशिक्षक साहेबरावांचं धाबं दणाणलं. मॅनेजरशी भांडायची छाती नव्हती, मग गड्यानं भलतंच डोकं चालवलं. वरवंडला दिलेल्या त्यांच्या बहिणीचा, सरूबाईचा, थोरला मुलगा ईश्वर लग्नाचा होता. साहेबरावांनी सरळ कवठं गाठलं आन् सुवर्णाच्या बापापुढं हात जोडले.

"घरातलीच झाली की निवांत खेळंल. मी मामा हाय की! कोण अडवतंय?"

बाप हरखला. सुवर्णाला फक्त खेळायचं होतं, आणि साहेबरावांवर तिचा बापापेक्षा जास्त विश्वास. तिनं मुंबईला नकार कळवला.

लग्नानंतर ती सरावाला निघाली, तर सरूबाई उंबऱ्यात आडवी. "आमची सून चड्डीवर नाचणार व्हय? गावात तोंड दावायला जागा ठिवतीस का न्हाई?" ईश्वर बादली उचलून गोठ्याकडं सटकला. सुवर्णानं मामांना बोलावून घेतलं. मामा आले, बहिणीच्या हातचं मटण चापलं आणि जाताना म्हणाले, "जरा दमानं घे, पोरी. मोठ्यांचं ऐकावं." मेल्याला मैदानात पोरींवर खेकसता यायचं, बहिणीपुढं मात्र दातखीळ!

मग मूल झालं. चढाईचे पाय गोठ्यात शेण तुडवू लागले, आन् लग्नानंतरची दोन्ही वर्षं संघ पहिल्याच फेरीत आपटला.

तिसऱ्या वर्षी साहेबराव पुन्हा वरवंडला आले, तोंड एवढंसं करून. सुवर्णानं पदर सावरून चहा पुढं ठेवला.

"पारगावला एक पोरगी हाय," ते बहिणीला म्हणाले. "काय चढाई, बघत ऱ्हावं! पर मुंबईवाले तिलाबी न्यायला टपल्यात. आपल्या धाकट्याला केली तर?"

सरूबाईनं सुनेकडं बघितलं. "तू खेळलीयास तिच्यासंगं. कशी हाय?"

सुवर्णाला ती पोरगी चांगली आठवत होती. शिरूरच्या स्पर्धेत हरल्यावर ती ढसाढसा रडली होती, तवा हिनंच तिला जवळ घेतलं होतं. आता एक वाकडा शब्द बोलली असती तर पोरगी सुटली असती, मुंबईत कायम झाली असती. तेच सुवर्णाला सोसेना. आपण इथं कुजायचं आन् तिनं खेळायचं?

"लई गुणाची हाय," ती म्हणाली. "गरीब. उलट बोलायची न्हाई."

मामांची कळी खुलली. "बघ! खेळाडूची पारख खेळाडूलाच!"

"फकस्त, मामा," सुवर्णा म्हणाली, "तिला म्हशीची धार काढता येती का, तेवढं इचारून घ्या."