चुलीविना नऊ जेवणं

मिस ओडील थेरिओ एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. तिकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने मिस म्हणतात. रोज चारशे पोरांचं जेवण त्यांच्या हातून जायचं. एकदा वरून तपासणीला आलेला माणूस म्हणाला की तुमच्या गंबोत, त्या दाट रश्श्यात, कोळंबी नियमापेक्षा जास्त आहे. मिस ओडीलनी त्याला पहिलीच्या पोरांच्या बुटक्या बाकावर बसवलं आणि वाडगा पुढे केला. त्याने दोनदा मागून घेतला आणि अहवालात काय लिहिलं ते कुणी विचारलं नाही.

अशा बाईकडून मागच्या वादळात जे घडलं, त्याचं बायू सिप्रेच्या, त्या संथ खाडीच्या, काठावर कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते फक्त त्यांच्या मुलीला, मोनीकला.

खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या होत्या, वीज गेली होती, बाहेर वारा घराच्या खांबांना धरून हलवत होता. सोबतीला शेजारचा आल्सीद होता. मिस ओडीलच्या दिवंगत नवऱ्याचा बोटीवरचा जोडीदार, आणि मोनीकचा धर्मपिता, तिकडच्या भाषेत पॅरँ. बाहेर असलं काही चाललं की माणसं देवाचं नाव घेतात. मिस ओडीलनी मैद्याचा डबा घेतला. बंद स्वयंपाकघरात गॅसची छोटी शेगडी पेटवली आणि तेलात मैदा भाजायला बसल्या. त्याला तिथे रू म्हणतात. गंबोचा जीव त्यात असतो. तांब्याच्या रंगावरून चॉकलेटी रंगावर येईपर्यंत ढवळत राहायचं, आणि ढवळणं सोडलं की गेलं. कोंडलेल्या हवेत त्यांचं डोकं गरगरलं, हात भिंतीला गेला आणि खांद्यावरचा पंचा जाळात पडला. आल्सीदने भिजवलेली गोधडी टाकून आग विझवली, दार उघडलं आणि त्यांना पडवीत ओढलं. शुद्धीवर आल्यावर बाईंचं पहिलं वाक्य होतं, "अजून दोन मिनिटं थांबला असतास तर रंग धरला असता."

हे वाक्य आल्सीदने सगळ्या काठाला सांगितलं आणि तिथून ते बॅटन रूज शहरात मोनीकपर्यंत पोहोचलं. ती दुसऱ्याच आठवड्यात आली. शेगडी उचलून गाडीत ठेवली आणि आईला समोर बसवून सांगितलं की एक तर आत्ता माझ्याकडे राहायला चल, नाही तर अट मान. पुढच्या वादळात वीज गेली की तीन दिवस, नऊ जेवणं. घरात नाही, अंगणात नाही, तू कुठेही जाळाला हात लावायचा नाही. जमलं तर जन्मभर इथे राहा, मी शब्द काढणार नाही. नाही जमलं तर सामान बांधायचं.

मोनीकचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसायची. तिथे चार दिवस राहून आलं की मिस ओडील आधी आपल्या खांबांवरच्या घराच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून बायूचं पाणी बघायच्या, मग घरात जायच्या. त्यांनी अट मानली.

जूनमध्ये, वादळांचा हंगाम सुरू झाल्यावर, त्यांनी रंगीत तालीम ठरवली. दर बुधवारी दुपारी मेन स्विच बंद. चाखायला आल्सीद. पहिल्या बुधवारी त्यांनी मटणाच्या रश्श्याचे डबे आणले, ताटं मांडली, डबा उघडायला घेतला आणि जागीच थांबल्या. त्यांचं डबा उघडायचं यंत्र विजेवर चालणारं होतं. आल्सीदने कालवं फोडायच्या सुरीने डबा फोडला. आत चरबीचा पांढरा थर होता.

"ठेव, फेकू नकोस," तो म्हणाला. "बोटीच्या इंजिनाला वंगण हवंच होतं."

बाईंनी त्याला त्या दिवशी उपाशी घालवलं. पण नंतर दोन आठवडे त्या विचारात होत्या. गरम खायचा पदार्थ थंड वाढला की तो सासरहून रुसून आलेल्या मुलीसारखा ताटात बसतो, हे त्यांना कळलं. थंड करून खायचा पदार्थ नको, थंडच जन्मलेला हवा. मग त्यांनी कागद घेतला आणि शाळेतल्यासारखं वेळापत्रक आखायला बसल्या. आधी फ्रिजमधलं संपवायचं, कारण ते चार तासांत बिघडायला लागतं. मग बर्फाच्या पेटीतलं. डब्यांना हात शेवटी.

चुका पुष्कळ झाल्या. सवयीने त्यांनी चाळीस जणांना पुरतील असे पांढऱ्या घेवड्याचे डबे आणले. दोघांनी खाऊन उरलेला घेवडा त्या उकाड्यात संध्याकाळपर्यंत फसफसला. तेव्हापासून एका बैठकीत संपेल एवढाच डबा घरात आला. मेयॉनीजची बरणी उघडली की फ्रिज हवा, म्हणून बोटाएवढ्या पुड्या आल्या. एका बुधवारी डब्यातलं डुकराचं खारं मांस आणि खारी बिस्किटं असा बेत झाला, आणि आल्सीदने एकट्याने दिवसाचं पिण्याचं पाणी दुपारीच संपवलं. मिस ओडीलनी पाण्याचा हिशोब नव्याने मांडला आणि मीठ कापलं. प्रत्येक डब्याच्या झाकणावर तैलरंगाने नाव लिहिलं, कारण जुन्या पुरात कागदी लेबलं धुऊन गेली होती आणि घेवडा समजून उघडलेल्या डब्यातून पीच निघाले होते. डबे उघडायच्या, हाताने फिरवायच्या दोन किल्ल्या आणल्या. एक खणात गेली, एक सुतळीने कपाटाला बांधली. आल्सीद ती सुतळी बघून म्हणाला की तुझ्या नवऱ्यालाही असंच बांधून ठेवलं असतंस तर मासे मला जास्त मिळाले असते.

सगळ्यात अवघड गेली कॉफी. बायू सिप्रेत कॉफी नाही म्हणजे सकाळच झाली नाही. पण चिकोरी मिसळलेल्या कॉफीची भुकटी रात्रभर गार पाण्यात भिजवून फडक्याने गाळली, तर काळीभोर, थोडी गोडसर कॉफी उतरते, हे त्यांना ऑगस्टच्या दुसऱ्या बुधवारी सापडलं. आल्सीदने कप संपवला आणि पुन्हा पुढे केला.

वादळ सप्टेंबरात आलं. फार मोठं नव्हतं. गाव रिकामं करायचा हुकूम निघाला नाही. सोमवारी मिस ओडीलनी अंडी उकडून ठेवली, फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवल्या, गोठलेल्या पाण्याच्या पेल्यावर एक नाणं ठेवलं. नाणं तळाशी गेलेलं दिसलं तर समजायचं की मधेच बर्फ वितळून गेला होता आणि आतलं काही खायचं नाही. मंगळवारी पहाटे वीज गेली. त्यांनी मोनीकला फोन करून तेवढंच सांगितलं आणि कपाटाच्या दारावरच्या कागदावर वेळ लिहिली.

पहिलं जेवण अंडी आणि कॉफी. दुसरं, चार तास व्हायच्या आत, फ्रिजमधली उकडलेली कोळंबी, लिंबू आणि कांद्याची पात. वारा वाढला तेव्हा तिसऱ्याची वेळ झाली होती. बुधवारी पाऊस नुसता कंटाळल्यासारखा पडत होता. चौथं, पाचवं, सहावं बर्फाच्या पेटीतून निघालं. सहाव्याला आल्सीद म्हणाला की मी जाड व्हायला लागलोय. प्रत्येक जेवणानंतर बाई पेन्सिलने खूण करायच्या आणि पेन्सिल कानावर अडकवायच्या.

गुरुवारी ऊन पडलं आणि तिथेच खरी परीक्षा आली. बंद ठेवलेला भरला फ्रीझर दोन दिवस धरतो. गुरुवारी सकाळी काठावरच्या एकूण एक फ्रीझरचे दोन दिवस संपले. मग जे दर वादळानंतर होतं तेच झालं. लोकांनी शेगड्या अंगणात काढल्या, आणि मासे, बदकं, ससे, जे विरघळत होतं ते सगळं शिजायला लागलं. आल्सीदने आपली कोळंबी काढली आणि दोन घरांच्या मधल्या अंगणात, मिस ओडीलच्या पडवीच्या बरोबर समोर, मोठी कढई चढवली.

पहिला रू त्याने जाळला. काळे ठिपके आले तसा तो बादलीत ओतला. दुसरा ढवळता ढवळता पलीकडच्या माणसाशी बोलत बसला, तोही बादलीत गेला. मिस ओडील पडवीच्या कठड्याशी उभ्या होत्या. करपलेल्या मैद्याचा वास नाकात जात होता आणि हात असे शिवशिवत होते की शेवटी त्या खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

तिसऱ्यांदा तेल तापलं तेव्हा आल्सीद कढईपासून दोन पावलं मागे सरला आणि लांब दांड्याचा चमचा त्यांच्याकडे धरला.

"ये. मोनीक नव्वद मैलांवर आहे. कोण बघतंय?"

मिस ओडीलनी त्या चमच्याकडे बघितलं. जिन्याला अकरा पायऱ्या होत्या. खाली बायू चहाच्या रंगाचा, काठोकाठ भरून चालला होता. त्यांना तिसऱ्या मजल्यावरची ती खिडकी आठवली.

"मी बघतेय ना," त्या म्हणाल्या. "जाळ कमी कर. अजून. आल्सीद, तुझ्या त्या इंजिनाला देतोस तेवढा नको, मेणबत्तीएवढा."

पुढची चाळीस मिनिटं त्यांनी तोंडाचा पट्टा सोडला. तळ खरवड, कडा खरवड, माशीकडे बघू नकोस, हात दुखतोय तर दुसऱ्या हातात घे, देवाने दोन दिलेत. रंग वरून दिसत नव्हता, तेव्हा त्या वासावर चालल्या. भाजलेल्या शेंगदाण्याचा वास आला तेव्हा थांबू नकोस म्हणाल्या, कॉफीचा आला तेव्हा कांदा टाक. कांदा चर्र झाला तसा सगळ्या काठावर सुगंध पसरला आणि दोन घरं सोडून कुणीतरी टाळी वाजवली. आल्सीद वाडगा घेऊन वर आला. मिस ओडीलनी नुसता वास घेतला, मीठ कमी आहे म्हणून सांगितलं आणि आत जाऊन आपलं आठवं जेवण जेवल्या.

मोनीक चार वाजता आली. रस्त्यावरची झाडं त्या दुपारीच हटवली होती. गाडीतून उतरली तीच वास घेत. कढईचं झाकण उचललं, चमचाभर तोंडात टाकला आणि तिचा चेहरा पडला. तो गंबो जगात एकाच बाईच्या हातचा असू शकत होता.

"मम्मा," ती वर बघून म्हणाली, "एकच जेवण राहिलं होतं फक्त."

 मी नाही केलं असं आपल्याच मुलीला सांगायची पाळी यावी, हे मिस ओडीलना पटेना. त्या कठडा धरून उभ्या राहिल्या. आल्सीदने तोंड उघडलं तर मोनीक म्हणाली, "पॅरँ, तुम्ही आईची बाजू घेणारच. तुम्हाला साधा पाव भाजता येत नाही, हे मला माहीत नाही का?"

आल्सीदला राग यायला हवा होता. त्याऐवजी तो हसला, घराखाली गेला आणि बादली घेऊन आला. ती त्याने मोनीकच्या पायाशी ठेवली. आत दोन रू होते, डांबरासारखे, एकावर एक.

"हे बघ, पोरी. हे माझ्या हातचं आणि कढईतलं तिच्या जिभेचं. तुझ्या आईने चमचा धरला असता, तर ही बादली रिकामीच राहिली असती ना?"

मोनीकने वाकून बादलीत बघितलं. आईने आयुष्यात एकदाही रू जाळलेला नव्हता, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? मग ती वर गेली. कपाटाच्या दारावरचा कागद वाचला. आठ खुणा होत्या. रिकामे डबे धुऊन ओळीने पालथे घातलेले होते. ती तशीच खाली गाडीकडे गेली आणि मागचं दार उघडून शेगडी घेऊन आली. आई जिंकली की हरली हे कळायच्या आधीच तिने शेगडी गाडीत घातली होती, हे दोघींनाही कळलं.

"अंगणातच पेटवायची," मोनीक म्हणाली. "घरात नाही. आणि मी पुन्हा विषय काढणार नाही. चल, काहीतरी गरम कर. दोन दिवस आमच्याकडेही वीज नाही, मी पेट्रोल पंपावरच्या चिप्सवर आहे."

मिस ओडीलनी शेगडीवरून हात फिरवला, बटणं नीट आहेत का ते बघितलं आणि ती जिन्याखाली सरकवून ठेवली.

"राहू दे. माझं नववं व्हायचंय."

मग पडवीत ताटं मांडली गेली. पांढरा घेवडा, त्यावर उसाच्या व्हिनेगरचा शिडकावा, कुंडीतली कांद्याची पात, जुलैत घातलेलं भेंडीचं आंबट लोणचं बारीक चिरून, आणि धुरी दिलेल्या कालवांचा छोटा डबा. शेवटी खारी बिस्किटं, अंजिराचा मुरंबा आणि वरून काकवीची धार. मोनीक पहिला घास घेताना जपून होती. मग तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. तिसऱ्यांदा घेवडा वाढून घेताना तिने विचारलं की हे सगळं लिहून देशील का, आणि आईने विचारलं की आधी सांग, तुझ्या घरात किल्ली हाताने फिरवायची आहे की विजेवरची. मोनीककडे विजेवरचीच होती. आल्सीदला एवढं हसू आलं की त्याला पाणी द्यावं लागलं.

जेवणं आटोपली. मिस ओडील उठल्या, कानावरची पेन्सिल काढून नववी खूण केली आणि कठड्यावरून वाकून, खाली कढई घासायला गेलेल्या आल्सीदला हाक मारली.

"बर्फात कोळंबी उरलीय ना? सकाळी घेऊन ये. आणि मैद्याला हात लावू नकोस."